आवाज, भाषा आणि चाहत्याचा हक्क : ओपेथच्या अल्बमांविषयी

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आपल्या कवितांची वही मला वाचायला दिली. वर्षभर ती ज्ञानेश्वरीवर आणि मर्ढेकरांवर उत्तम टिपणे लिहीत होती. तिची मराठीची जाण वर्गातील इतर कोणाहूनही अधिक सूक्ष्म होती. वहीतील कविता मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजीत होत्या. "मराठीत का लिहीत नाहीस?" असे विचारल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "सर, मराठीत लिहिलं की सगळं ऐकू येतं. इंग्रजीत थोडं लपता येतं."

या उत्तरावर खरे तर मला साहित्यशास्त्रातला एखादा सिद्धान्त आठवायला हवा होता. आठवला तो स्टॉकहोमचा एक मेटल बँड. ओपेथ हे त्याचे नाव. विद्यार्थिदशेत वसतिगृहावर एका मित्राने नक्कल करून दिलेल्या सीडीवर मी तो प्रथम ऐकला आणि त्यानंतरची वीसेक वर्षे ऐकत आलो आहे. मराठीचा अध्यापक मेटल ऐकतो असे कळले की समोरच्याच्या चेहऱ्यावर कुतूहल उमटते आणि त्यात थोडी कीवही मिसळलेली असते, हा अनुभव जुना आहे. त्याचे मला आता काही वाटत नाही. परंतु त्या मुलीच्या वाक्यामुळे या बँडच्या १४ अल्बमांकडे मी पुन्हा एकदा क्रमाने गेलो, आणि ज्या गोष्टीवरून मी एके काळी या बँडवर रुसलो होतो तिचा अर्थ मला उशिराने उमगला. तो अर्थ सांगावा, आणि तो सांगताना ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेले नाही त्यांना अल्बमांची तोंडओळखही करून द्यावी, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

१

प्रथम थोडी पूर्वपीठिका. ओपेथची स्थापना १९९० मध्ये झाली. विल्बर स्मिथ यांच्या 'द सनबर्ड' या कादंबरीतील एका काल्पनिक नगरीच्या नावावरून हे नाव घेतलेले आहे. ज्याने बँड सुरू केला तो डेव्हिड इसबर्ग दोनेक वर्षांतच बाहेर पडला आणि सारी सूत्रे मिकाएल ओकेरफेल्ट या तरुणाकडे आली. गायक, गिटारवादक, रचनाकार आणि जवळजवळ सर्व गीतांचा लेखक तोच. पुढे वादक बदलत राहिले. आज मूळ संचातला तोच एक उरला आहे. त्यामुळे ओपेथचा प्रवास हा बऱ्याच अंशी एका लेखकाचा प्रवास म्हणून वाचता येतो.

प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे काय, याची व्याख्या करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एवढेच सांगतो की या प्रकारात गाणे तीन-चार मिनिटांच्या चौकटीत आणि ठरावीक ध्रुवपदात मावत नाही. ते दहा मिनिटांचे असू शकते, मध्येच ठेका बदलते, तापलेल्या विजेच्या गिटारींमधून एकाएकी साध्या तारांच्या गिटारीवरच्या हळुवार सुरावटीत उतरते आणि पुन्हा वर चढते. ओपेथच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे ग्राउल. घशाच्या तळातून, छातीच्या दाबाने काढलेला, श्वापदाच्या गुरगुरण्यासारखा हा आवाज. डेथ मेटल या उपप्रकाराची ती ओळखच आहे. ग्राउल प्रथम ऐकणाऱ्याला वाटते की गायक नुसता ओरडतो आहे. कान सरावले की त्यातला ताल, त्यातले आरोह-अवरोह कळू लागतात. कळत नाहीत ते शब्द. अल्बमसोबतची पुस्तिका उघडल्याशिवाय हा माणूस काय म्हणतो आहे याचा पत्ता लागत नाही.

ओकेरफेल्टकडे दोन्ही आवाज होते. ग्राउलमध्ये त्याची बरोबरी करणारे थोडे, आणि त्याचा स्वच्छ आवाजही तितकाच आर्त आणि मृदू. एका गाण्यात हे दोन आवाज समोरासमोर उभे करणे हे ओपेथचे वैशिष्ट्य ठरले. माझ्या पिढीच्या चाहत्यांनी या बँडवर जीव लावला तो या द्वंद्वामुळे.

२

'ऑर्किड' (१९९५) हा पहिला अल्बम आज ऐकताना तरुण कवीच्या पहिल्या संग्रहासारखा वाटतो: जे सुचले ते सारे घातलेले, सांधे उघडे, पण उमेद खरी. त्यानंतरच्या 'मॉर्निंगराइज'मध्ये (१९९६) पाचच गाणी आहेत आणि त्यांतले एकही दहा मिनिटांहून लहान नाही. 'ब्लॅक रोझ इमॉर्टल' हे तर वीस मिनिटांचे आहे. त्यात सुंदर जागा आहेत, परंतु त्या एकापुढे एक मांडलेल्या आहेत. आधीच्या भागातून पुढचा भाग उमलला आहे असे वाटत नाही. चाहत्यांमध्ये या अल्बमविषयी भक्तिभाव आहे. मला तो थोडा अनाठायी वाटतो. नवख्या श्रोत्याने येथून सुरुवात करू नये.

रचनेचे भान येते ते 'माय आर्म्स, युअर हर्स' (१९९८) या तिसऱ्या अल्बममध्ये. मेलेल्या माणसाचा आत्मा आपल्या प्रियेभोवती घोटाळतो आहे, असे त्याचे आशयसूत्र. पण साहित्याच्या विद्यार्थ्याला रस वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक गीताची संहिता ज्या शब्दांवर संपते ते शब्द हेच पुढच्या गीताचे शीर्षक आहे. आपल्याकडील पंडिती कवितेत, विशेषतः मोरोपंतांत, दामयमकाने एक चरण दुसऱ्या चरणाला गुंफलेला असतो त्याची येथे आठवण होते. ही गुंफण केवळ कारागिरी म्हणून आलेली नाही. जो निघून जाऊ शकत नाही अशा आत्म्याची कथा जेव्हा सांगायची असते, तेव्हा कोणतेही गीत पूर्णतः संपू न देणे हा आशयाचाच भाग होतो.

'स्टिल लाइफ' (१९९९) ही उघडउघड कथा आहे. श्रद्धा नसल्याने गावाबाहेर काढलेला एक माणूस अनेक वर्षांनी मेलिंडा नावाच्या आपल्या प्रियेसाठी परत येतो. गाव त्याला ओळखते, आणि व्हायचे ते होते. तिचा अंत होतो, तो सूड घेतो आणि फासावर जातो. कथा म्हणून हे मेलोड्रामाच्या काठावर आहे हे मान्य करायला हवे. तिला वाचवते ती आवाजांची योजना. 'फेस ऑफ मेलिंडा'मध्ये भेटीचा क्षण येतो तेव्हा ढोलावर काठ्यांऐवजी कुंचल्यासारख्या ब्रशचा हलका स्पर्श आहे आणि आवाज जवळजवळ कुजबुजीचा आहे. गाव आणि सूड आला की ग्राउल येते. दोन आवाजांतून एकाच माणसाच्या मनाचे दोन थर दाखवण्याचे तंत्र येथे पक्के झाले. ओपेथचा सर्वांत एकसंध अल्बम कोणता, असे कोणी विचारल्यास मी आजही याचेच नाव घेईन.

'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) हा सर्वांत प्रसिद्ध. इंग्लंडच्या पोर्क्युपाइन ट्री या बँडचा स्टीव्हन विल्सन निर्माता म्हणून आला आणि ध्वनीला खोली मिळाली. वाद्ये एकमेकांवर आदळण्याऐवजी एकमेकांमागे उभी राहिलेली ऐकू येऊ लागली. यात एक कथा नाही. रोग, मृत्यू, ओसाडी यांची चित्रे आहेत. 'द ड्रेपरी फॉल्स' हे गाणे मी विद्यार्थ्यांना ऐकवतो ते आशयाची चढण कशी बांधावी हे दाखवण्यासाठी.

त्यानंतरचे दोन अल्बम जुळे आहेत. एकाच वेळी ध्वनिमुद्रित झालेल्या 'डिलिव्हरन्स' (२००२) आणि 'डॅम्नेशन' (२००३) यांत पहिला बँडच्या सर्वांत जड अल्बमांपैकी एक, तर दुसऱ्यात ग्राउल अजिबात नाही. 'डॅम्नेशन'मध्ये मेलोट्रॉन या जुन्या वाद्याचा धूसर, ओलसर नाद आहे आणि खिन्न, संथ गाणी आहेत. मेटलची भीती वाटणाऱ्याने येथून आत शिरावे. 'घोस्ट रेव्हरीज' (२००५) हा मातृहत्या करणाऱ्या एका माणसाची कथा म्हणून सुरू झाला आणि ती कथा मध्येच सोडून दिली गेली. असे असूनही, किंवा त्यामुळेच, त्यातला अपराधभाव सर्वत्र पसरून राहिला आहे. 'वॉटरशेड' (२००८) हे नाव पुढे सार्थ ठरले. डोंगराच्या माथ्यावरून पाणी दोन अंगांना वाहू लागते ती ही रेषा. त्यातल्या 'बर्डन' या गाण्याच्या शेवटी गिटार वाजत असतानाच तिच्या तारा एकेक करून उतरवल्या जातात आणि सुंदर सुरावट आपल्या कानांदेखत बेसूर होत जाते. तेव्हा ती मला गंमत वाटली होती. आज ती पूर्वसूचना वाटते.

३

कारण २०११ मध्ये 'हेरिटेज' आला आणि त्यात ग्राउल नव्हते. जड गिटारीही बऱ्याच अंशी गेल्या होत्या. त्या जागी सत्तरच्या दशकातील रॉकचा, जॅझचा, लोकसंगीताचा वास असलेले, थांबत-अडखळत चालणारे संगीत होते. मुखपृष्ठावरच्या झाडाला बँडच्या सदस्यांचे चेहरे फळांसारखे लगडलेले होते आणि बँड सोडून गेलेल्या वादकाचा चेहरा खाली पडत होता. एका चाहत्याच्या नात्याने मला वाटले की पडणारा चेहरा माझा आहे.

मी रागावलो. 'डॅम्नेशन' मला आवडत होता, हे खरे. परंतु तो जोडीतला एक होता, त्याचा भाऊ शेजारी उभा होता. स्वच्छ आवाज पाहुणा म्हणून चार दिवस राहिला तर आम्हांला चालत होता. तो घराचा मालक झालेला आम्हांला चालला नाही. दोनेक वर्षे मी 'हेरिटेज'ला हात लावला नाही. 'पेल कम्युनियन' (२०१४) आणि 'सॉर्सरेस' (२०१६) मी ऐकले ते प्रत्येक गाण्यात आता तरी तो आवाज येईल का याची वाट पाहत. म्हणजेच, मी ते ऐकलेच नाहीत.

हा दोष मी वर्गात इतरांना दाखवत आलो आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'वर प्रेम करणाऱ्या कित्येक वाचकांनी पुढच्या प्रत्येक कादंबरीत पांडुरंग सांगवीकर शोधला आणि चांगदेव किंवा खंडेराव सापडल्यावर फसवणूक झाल्यासारखे तोंड केले. लेखकाने आपल्याला एकदा जे दिले ते तो पुन्हापुन्हा देण्यास बांधील आहे, असे समजणारा वाचक कृती वाचत नाही, तो वसुली करतो. हे मी विद्यार्थ्यांना ठासून सांगत होतो आणि घरी हेडफोन लावून स्वतः तेच करत होतो.

राग ओसरल्यावर हे तीन अल्बम नीट ऐकले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. 'पेल कम्युनियन'मधील वाद्यमेळ आणि बहुस्वरी गायन हे बँडच्या उत्तम कामाच्या तोडीचे आहे. 'फेथ इन अदर्स' हे शेवटचे गाणे तर थोर आहे. म्हणजे संगीत खात्रीने पावले टाकत होते. अडखळत होते ते शब्द. आणि ते अडखळत आहेत हे कळत होते, कारण आता प्रथमच ते सलग, पूर्ण, अल्बममागून अल्बम ऐकू येत होते.

४

येथे मी माझा अन्वयार्थ मांडतो. तो माझा आहे. ओकेरफेल्टने असे काही म्हटले आहे असा माझा दावा नाही.

सुरुवातीच्या अल्बमांतील इंग्रजी पुस्तिकेतून वाचली तर ती विलक्षण अलंकृत आहे. जुनाट शब्द, लांबलचक उपमा, धुके, चंद्र, शवपेट्या. इंग्रजी ज्याने पुस्तकांतून, चित्रपटांतून आणि रेकॉर्डांच्या वेष्टनांवरून आत्मसात केली आहे अशा विशीतल्या तरुणाची ती भाषा आहे. घरी स्वीडिश बोलणारा, स्वीडिशमध्येच स्वप्ने पाहणारा हा मुलगा इंग्रजीत लिहीत होता, कारण त्या संगीताची भाषा इंग्रजी होती. आब्बापासून त्याच्या देशातल्या बहुतेक यशस्वी मंडळींनी तेच केले होते. या परक्या, भरजरी भाषेला ग्राउलचे मोठे संरक्षण होते. शब्द कळतच नव्हते, त्यामुळे ते कमी पडत आहेत हेही कळत नव्हते. आवाज सारा भार वाहून नेत होता. मृत्यू, अपराध, शोक हे सारे त्या घशात होते आणि भाषा केवळ निमित्त होती.

आवाज स्वच्छ झाला की हे संरक्षण जाते. 'डॅम्नेशन'मध्ये त्याने यावर एक उपाय केला होता: शब्द कमी केले, साधे केले. एका अल्बमपुरता तो पुरला. परंतु ग्राउल कायमचे बाजूला ठेवायचे ठरवल्यावर प्रत्येक शब्द प्रकाशात उभा राहतो आणि लेखकाला कधीतरी स्वतःला विचारावेच लागते की हे मी ज्या भाषेत म्हणतो आहे त्या भाषेत मला हे खरोखर वाटते का? 'हेरिटेज' ते 'सॉर्सरेस' या तीन अल्बमांत हा प्रश्न साचत गेलेला मला ऐकू येतो.

त्याचे उत्तर २०१९ मध्ये आले. 'इन कौडा वेनेनम' हा तेरावा अल्बम ओकेरफेल्टने प्रथम स्वीडिशमध्ये लिहिला. लॅटिन शीर्षकाचा अर्थ 'शेपटीत विष'. नंतर त्याची इंग्रजी आवृत्ती केली आणि दोन्ही एकाच वेळी प्रकाशित झाल्या. बँड सुरू होऊन जवळजवळ तीन दशके उलटल्यावर हा माणूस मातृभाषेत पूर्ण अल्बम करत होता. त्यातील एका गाण्यात उलोफ पाल्मे यांच्या भाषणाचा अंश आहे. स्वीडनच्या या पंतप्रधानांची १९८६ मध्ये स्टॉकहोमच्या रस्त्यावर गोळी घालून हत्या झाली, तेव्हा ओकेरफेल्ट अकरा वर्षांचा होता. तो आवाज कानी पडताच स्वीडिश माणसाच्या मनात जे हलेल ते माझ्या मनात हलणार नाही. त्याला तळटीप पुरत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्या ओपेथमध्ये चंद्र होता, धुके होते, नाव नसलेली गावे होती. पाल्मे यांच्या आवाजासोबत एक विशिष्ट देश, एक विशिष्ट बालपण आत आले. मातृभाषेबरोबर स्थळकाळ येतो, असे आपण देशीवादाच्या चर्चांत म्हणतो. त्याचा इतका स्पष्ट पुरावा मला अनपेक्षित जागी मिळाला.

यात श्रोत्याच्या बाजूने एक उपरोधही आहे. मला स्वीडिश येत नाही. म्हणजे माझ्यासाठी हा अल्बम पुन्हा ग्राउलसारखाच झाला: आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. पूर्वी पडद्यामागे तो होता, आता पडद्याबाहेर मी आहे. तरीही दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकल्यावर मला स्वीडिश आवृत्ती अधिक पटते. स्वरांची लांबी, जोडाक्षरांवरचा आघात, वाक्य संपताना उतरणारा सूर हे सारे चालीला चिकटून येते. इंग्रजीत काही ठिकाणी शब्द चालीवर ठेवल्यासारखे वाटतात.

पण इंग्रजी आवृत्तीला नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरेल. अरुण कोलटकर यांची 'मुंबईनं भिकेस लावलं' आणि त्यांचीच 'द टर्नअराउंड' या कविता शेजारी ठेवून वाचल्या की भाषांतराचा नेहमीचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. एकच कवी दोन घरांत राहतो आहे असे वाटते. फरक इतकाच की कोलटकरांना दोन्ही घरे सुरुवातीपासून आपली होती. ओकेरफेल्टला स्वतःच्या घरी यायला बारा अल्बम लागले.

योगायोगाने त्याच वर्षाच्या अखेरीस ओपेथ पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर या महोत्सवात आला. माझ्या निम्म्या वयाच्या गर्दीत मागे उभा राहून मी ऐकत होतो. ओकेरफेल्टने ग्राउल अल्बमांतून काढले असले तरी जुन्या गाण्यांसाठी मंचावर ते राखून ठेवले होते. तो आवाज उठताच भोवतालची मुले जी ओरडली, त्यात माझाही आवाज होता. वसुलीची सवय इतक्या सहज जात नाही.

५

चौदावा अल्बम 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आणि त्यात ग्राउल परत आले. भाषाही पुन्हा इंग्रजी. माझ्या मांडणीला हा सरळ छेद आहे असे कोणी म्हणेल. मलाही पहिल्या दिवशी तसेच वाटले.

पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. एका धनाढ्य कुटुंबप्रमुखाचे निधन झाले आहे आणि त्याच्या वाड्यात मृत्युपत्राचे वाचन चालू आहे. त्याची जुळी मुले आणि त्या घरात वाढलेली, पोलिओने अधू झालेली एक अनाथ मुलगी समोर बसली आहेत. आठपैकी सात गाण्यांना नावे नाहीत; कायद्याच्या कागदात असते तसे कलमाचे चिन्ह आणि क्रमांक आहेत. एकेका कलमाबरोबर घराण्याचे एकेक गुपित उघडे पडते. नाव असलेले आठवे गाणे आधीचे सारे उलटे करते. ते काय, हे येथे सांगणे बरोबर नाही. जेथ्रो टलचे इअन अँडरसन यांनी यात निवेदनाचे तुकडे वाचले आहेत आणि बासरीही वाजवली आहे.

या अल्बममधले ग्राउल मला जुन्या ग्राउलहून वेगळे ऐकू येते. ते एका पात्राचे आहे. मेल्यावरही घरावर सत्ता गाजवणाऱ्या बापाची ती अधिकारवाणी आहे, आणि इतर आवाज तिच्या दबावाखाली कुजबुजतात, विनवतात, कोसळतात. इंग्रजीही आता धुक्याची नाही. ती मृत्युपत्राची, वकिलाची, मालमत्तेची कोरडी इंग्रजी आहे. विशीत ज्या आवाजामागे लेखक उभा होता तो आवाज पन्नाशीत त्याने समोर उभा केला आणि त्याला नाव, वय, वाडा आणि पापे दिली. मधली तेरा वर्षे ग्राउलविना आणि एक अल्बम स्वीडिशमध्ये काढल्याशिवाय हे साधले असते असे मला वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी मी त्याच्यावर रागावलो होतो, तिच्यामुळेच ती गोष्ट मला परत मिळाली, आणि ती माझ्या मागणीपेक्षा मोठी होऊन आली.

म्हणून नव्या श्रोत्याला मी पुढील क्रम सुचवेन. आधी 'डॅम्नेशन', म्हणजे धास्ती जाईल. मग 'ब्लॅकवॉटर पार्क', पुस्तिका न उघडता. केवळ आवाजाला शरण जाऊन. मग 'स्टिल लाइफ', या वेळी पुस्तिका हातात घेऊन, कथा म्हणून. त्यानंतर मधले सारे टाळून थेट 'इन कौडा वेनेनम'ची स्वीडिश आवृत्ती, आणि लगेच इंग्रजी. मग 'पेल कम्युनियन'. शेवटी 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट', एका बैठकीत, पहिल्या कलमापासून. 'हेरिटेज' कुठे बसवावा हे मला अजून ठरवता आलेले नाही. कदाचित तो सर्वांत शेवटी ऐकावा, दाराची जुनी किल्ली नंतर सापडावी तसा.

६

त्या विद्यार्थिनीला मी यातले काहीच सांगितले नाही. परभाषेत लिहू नये असे मला म्हणायचे नव्हते; तसे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही आणि त्यांच्या म्हणण्याने कोणी मराठीत लिहू लागल्याचे मी पाहिलेले नाही. लपण्याची गरजही खोटी नसते. ओकेरफेल्टला ती होती, आणि त्या आडोशाला राहून त्याने 'स्टिल लाइफ' लिहिला. प्रश्न इतकाच की आडोसा आहे हे आपल्याला ठाऊक आहे का, आणि त्यातून बाहेर येऊन एकदा स्वतःचा आवाज ऐकून पाहण्याची आपली तयारी आहे का.

वही परत करताना मी तिला म्हटले, "एकच कविता मराठीत लिही. मला दाखवू नकोस. कोणालाच दाखवू नकोस." ती हसली आणि गेली.

तीन महिन्यांनी परीक्षेच्या कामाच्या गडबडीत ती जिन्यात भेटली. "सर, लिहिली," म्हणाली, "फार वाईट झाली आहे. सगळं ऐकू येतंय."

मी ती वाचायला मागितली नाही.